शेनशीबाईंचं फडकं

प्रतिभानं दुपट्याच्या कडेचा टाका सुईच्या टोकानं उचलला आणि दातानं तोडला. मग दुसरा, मग तिसरा. टाके तिचेच होते, बारीक आणि दाट, आणि आता तेच तिला नडत होते. उंबऱ्यापाशी दुपारचा उजेड चांगला होता. झोळीत चार महिन्यांची सायली झोपली होती आणि सासू, साखरबाई, कांदा खुरपायला गेली होती. ती यायच्या आत निळं कापड मोकळं करायचं होतं.

निळ्या कापडाचे दोन तुकडे होते, एक दुपट्याच्या या टोकाला, एक त्या टोकाला. गडद निळ्यावर पांढऱ्या सुताचा धावदोरा घातलेला. गोधडीला घालतात तसाच, फक्त ओळी सरळ न जाता एकमेकींना ओलांडत जात होत्या आणि त्यांतून चांदण्यांसारखी नक्षी उमटत होती. पहिल्यांदा ते कापड हातात आलं तेव्हा प्रतिभाला वाटलं होतं, हे शिवणारी बाई आपल्यातलीच असणार.

ते आलं होतं सायलीच्या बारशाला. प्रतिभाला जपानी शिकवणाऱ्या नाकानोबाई शिरूरहून खास केंदूरला आल्या होत्या, आणि तांदळाच्या पिठाच्या गोड वड्यांचा डबा त्यांनी या कापडात बांधून आणला होता. आता बारशाला आलेली बाई कापड आणते, त्याचं झबलं होतं, कुंची होते, नाहीतर दुपटं होतं. ही रीत काही कुणी कुणाला शिकवावी लागत नाही. बारशानंतर पाचव्या दिवशी प्रतिभानं कात्री लावली. कापताना तिला त्या बाईबद्दल इतकी माया वाटली होती की, डोळे भरून आले होते. ते आठवलं की आता तिला स्वतःचाच राग यायचा.

नाकानोबाईंचा नवरा रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीन वर्षांसाठी आला होता. शिरूरच्या मैत्री मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक ज्ञानदेव सर, यांनी ही बातमी ऐकली आणि ते सरळ त्यांच्या बंगल्यावर जाऊन धडकले. मंडळ तोवर व्याख्यानमाला, रक्तदान आणि संक्रांतीचं हळदीकुंकू एवढ्यावर बेतानं चालायचं. सरांनी विचारलं, बाई हो म्हणाल्या, आणि दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर जपानीचा वर्ग सुरू झाला. बारा-चौदा बायका यायच्या. कुणी मुलाच्या शाळेत मिरवायला, कुणी नुसत्याच घराबाहेर पडायला. प्रतिभा मात्र कारखान्याच्या ऑफिसात नोकरी मिळेल या आशेनं यायची. तिच्या नवऱ्यानं, हनुमंतानं, तिथल्या लाइनवर उभं राहून काम करता करता हे स्वप्न पाहिलं होतं आणि तिच्या गळ्यात घातलं होतं. ती अवघडलेली असतानासुद्धा एसटीनं आली, आणि बाळंतपणानंतर अडीच महिन्यांत परत हजर झाली. वर्गात पहिली तीच असायची.

माडीची झाडलोट, चहा आणि कपाट शेवंताबाईकडे होतं. पन्नाशी ओलांडलेली, काटक बाई. वर्ग चालू असताना ती जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर भिंतीला पाठ लावून बसायची. डुलकी काढते, असं सगळ्यांना वाटायचं. बाईंना सगळ्या ‘सेन्सेई’ म्हणायच्या, म्हणजे गुरुजीच. शेवंताबाईनं त्याचं ‘शेनशीबाई’ केलं आणि ते बाईंना इतकं आवडलं की पुढे सगळा वर्ग तसंच म्हणू लागला.

एका शनिवारी शेनशीबाईंनी माफी मागायला शिकवलं. आधी बोलायचं, मग वाकायचं. दोन्ही एकदम करायचं नाही, नाहीतर शब्द जमिनीला सांगितल्यासारखे होतात. कमरेत वाकून मनात तीन मोजायचे, इची, नी, सान, आणि सावकाश वर यायचं. चूक मोठी असेल तर, असं कुणीतरी विचारलं. तर जास्त वेळ, बाई म्हणाल्या. जास्त म्हणजे किती? त्यावर त्या थोडा विचार करून म्हणाल्या, ते वाकणाऱ्यानं नाही, समोरच्यानं ठरवायचं. बायका हसल्या. मग तर आम्ही लग्न झाल्यापासून वाकलेल्याच आहोत, एक जण म्हणाली. सगळ्यांत सुरेख वाकली ती प्रतिभा. बाईंनी तिला पुढे बोलावून पुन्हा वाकायला लावलं.

आणि त्यानंतरच्याच शनिवारी त्यांनी गाठी शिकवल्या. चौकोनी फडक्यात डबा कसा बांधायचा, कलिंगड कसं बांधायचं, बाटली कशी. जिन्यावरून शेवंताबाई म्हणाली, “आमचं बोचकंच की हे.” खूप हसू झालं. मग शेनशीबाईंनी हसत हसतच सांगितलं, की आतली वस्तू द्यायची असते, फडकं मात्र परत करायचं असतं. घडी घालून. तुमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत ना, तसं.

प्रतिभा हातातल्या फडक्याची गाठ सोडत राहिली. तिनं मान वर केली नाही. बाई तिच्याकडे पाहतही नव्हत्या, पण चोराच्या मनात चांदणं. त्या दिवशी एसटीत तिनं ठरवलं की, पुढच्या शनिवारी सांगून टाकायचं. पुढच्या शनिवारी सायलीला ताप होता. त्याच्या पुढच्या शनिवारी बाईंच्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, त्या पाणी मारत होत्या. कारण शोधणाऱ्याला कारणं कमी पडत नाहीत.

मग बाईंच्या परत जाण्याची तारीख ठरली. वर्ग सुरू व्हायच्या आधी ज्ञानदेव सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, की बाईंच्या दिवंगत आईनं हातानं शिवलेलं एक निळं फडकं होतं, ते कुणाकडे राहिलंय का? बाईंनी स्वतः विचारलेलं नाही, त्यांचे मिस्टर सहज बोलले.

कुणाकडेच नाही, असं झालं असतं तरी चाललं असतं. पण दोघी-तिघींनी बारशाच्या फोटोत ते फडकं पाहिलं होतं. त्या प्रतिभाकडे वळल्या, आणि प्रतिभाच्या तोंडून निघून गेलं:

“मी तर परत आणलं होतं. बाई नव्हत्या त्या दिवशी. कपाटात ठेवलं.”

कपाट उघडलं. नव्हतं. कुणी काही म्हणालं नाही. म्हणजे शेवंताबाईला कुणी काही म्हणालं नाही. तरीच मागच्या महिन्यात चहाचे दोन कप कमी भरले, एवढं एकीनं दुसरीच्या कानात सांगितलं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. ज्ञानदेव सर भला माणूस, त्यांना फार अवघडल्यासारखं झालं. त्यांनी शेवंताबाईकडून किल्ली मागून घेतली आणि म्हणाले, की यापुढे किल्ली खाली वाचनालयातच राहू दे, नियमच आहे तो. शेवंताबाईनं कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. त्या दिवशी तिनं चहा केला, कप विसळले, आणि त्यानंतर ती आली नाही.

हे सगळं होऊन पंधरा दिवस झाले होते. उद्या शनिवार, आणि उद्याच निरोपसमारंभ.

“लेकराचं दुपटं कशापाई उसवतीस गं?”

साखरबाई दारात उभी होती, हातात खुरपं. प्रतिभानं दुपटं पदराखाली ओढलं, पण ते झाकण्याइतका पदर नव्हता. मग तिनं सगळं सांगितलं. सांगताना वाक्यं आपोआप तिच्या बाजूनं वळत होती. मला काय ठाऊक त्यांच्यात परत करतात म्हणून. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या म्हणून. मी काही कुणाचं नाव घेतलं नाही, नुसतं कपाट म्हणाले.

साखरबाईनं खुरपं वळचणीला अडकवलं, हात धुतले आणि मग बोलली.

“फडकं कापलं ते न कळून. त्याला कुनी काय म्हनायचं न्हाई. पर किल्ली शेवंताकडं हाय, ह्ये तुला ठावं व्हतं न्हवं?”

प्रतिभानं सुई पुढच्या टाक्यात घातली.

“व्हतं न्हवं?”

“होतं, आत्याबाई.”

सासूनं तिच्या हातातून सुई काढून घेतली, दोरा ओवला, आणि उसवलेल्या कडेला परत टाके घालायला बसली. कापलेलं अखंड व्हायचं न्हाई, हाय तसं घिऊन जा, एवढंच ती म्हणाली. तिचे टाके लांब लांब आणि वेडेवाकडे पडले. दिवसभर राबलेल्या हाताला यापेक्षा बारीक काम होत नव्हतं. प्रतिभा ते बघत बसली. सासूनं दोन शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती समारंभाच्या तासभर आधी माडीवर पोचली. शेनशीबाई एकट्याच खिडकीपाशी बसून हाताच्या तळव्यावर मराठीतलं भाषण लिहीत होत्या. प्रतिभानं पिशवीतून दुपटं काढून त्यांच्यासमोर पसरलं. शिकवल्याप्रमाणे आधी ती बोलली, “मोशिवाके गोझाइमासेन,” आणि मग वाकली. शब्द चोख आले. मराठीत माफी मागायची झाली असती तर तिची जीभ उचलली नसती. परक्या भाषेतले शब्द अजून कुठे लागलेले नसतात, म्हणून ते सोपे जातात.

बाईंनी तिला हाताला धरून वर केलं. मग बराच वेळ त्या दुपट्यावरून बोटं फिरवत राहिल्या. आईच्या टाक्यांवरून, तिथून प्रतिभाच्या टाक्यांवर, तिथून साखरबाईच्या.

“हे कोण?” त्यांनी त्या लांब टाक्यांवर बोट ठेवून विचारलं.

“माझी सासू.”

बाई हसल्या. आई पण चष्मा हरवला की असंच शिवायची, असं त्यांनी मोडक्या मराठीत सांगितलं. आई जुनी कापडं अशीच जोडायची. हे बाळाचं आहे, बाळाकडेच राहू दे. त्यांचे डोळे पाणावले होते, पण त्यात राग नव्हता. सुटले, असं प्रतिभाला वाटलं. आणि त्याच भरात, सुटकेच्या आनंदात, तिनं उरलेलंही सांगून टाकलं. कपाट, किल्ली, शेवंताबाई.

बाईंचं हसू गेलं. त्यांनी दुपट्याची घडी घातली, काठाला काठ जुळवून, आणि प्रतिभाच्या हातात दिली. प्रतिभा पुन्हा वाकायला लागली तशी त्यांनी हात पुढे करून तिला अडवलं.

“एक माफी माझी होती. मी घेतली,” त्या म्हणाल्या. “ही माझी नाही.” आणि खिडकीबाहेर बघत, “शेवंता-सान, शेवंताबाई, मला दर शनिवारी चहा देत होत्या. त्या आल्या नाहीत. मी पण विचारलं नाही.”

बायका यायला लागल्या. आंब्याच्या डहाळ्या, हार, मसालेभाताची पातेली, जिलेबीची परात, सगळं जिन्यानं वर आलं. भाषणं झाली. शेनशीबाईंनी तळव्यावरचं भाषण वाचलं, अर्धं घामानं पुसलं होतं, टाळ्या मात्र पुऱ्या पडल्या. प्रतिभा पहिल्या रांगेत बसून एकाच क्षणाची वाट बघत होती. सर बसले की उठायचं. सर बसले की बोलायचं.

सर बसलेच नाहीत. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

बाई चालल्या तरी वर्ग बंद पडणार नाही, ते म्हणाले. मंडळानं एकमतानं ठरवलंय की, पुढच्या शनिवारपासून सौ. प्रतिभाताई शिकवतील. कारखान्याच्या साहेबांच्या कानावरही हे घातलंय. तेव्हा कपाटाची किल्ली आजपासून यांच्याकडे.

टाळ्या वाजल्या. मागे हनुमंत उभा होता, खास सुट्टी काढून आला होता, तो सगळ्यांत मोठ्यानं वाजवत होता. प्रतिभा उठली. आता बोलायचं, असं तिनं स्वतःला सांगितलं, तोंडही उघडलं, आणि तिच्या कानांनी ऐकलं ते “आभारी आहे” एवढंच होतं. किल्ली तिच्या मुठीत आली. किल्लीला शेवंताबाईनं बांधलेला लाल नाडा अजून तसाच होता. शेनशीबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या स्वतःच्या तळहाताकडे बघत होत्या.

पंगत बसली. प्रतिभानं पानातली जिलेबी बाजूला सारली. शेवंताबाई कुठे असते हल्ली, तिनं वाढणाऱ्या बाईला विचारलं. ती? ती सकाळीच येऊन गेली, तिचा खराटा न्यायला, स्वतःचा होता म्हणे. आज दौंडला चाललीय कायमची, लेकीकडे, रेल्वे कॉलनीत. साडेतीनची गाडी.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. प्रतिभा भरल्या पानावरून उठली.

एसटी स्टँडवर दौंडची गाडी लागायची होती. शेवंताबाई बाकावर बसली होती, शेजारी बोचकं, बोचक्यात खोचलेला खराटा. प्रतिभाला पाहून तिनं सरकून जागा केली. प्रतिभा बसली नाही. धापा टाकतच तिनं सांगितलं. या वेळी वाक्यं तिच्या बाजूनं वळली नाहीत, वळायला वेळच नव्हता. फडकं मी कापलं, मावशी. कपाटात ठेवलं म्हणाले ते खोटं. किल्ली तुमच्याकडे असते हे मला ठाऊक होतं. मग तिनं मूठ उघडून किल्ली पुढे केली.

शेवंताबाईनं किल्लीकडे पाहिलं, लाल नाड्याकडे पाहिलं, आणि हात मांडीवरच ठेवला.

“ज्यानं घेतली त्यानं द्यावी.”

“मावशी, माझं चुकलं.”

“मला कशापाई सांगतीस?” शेवंताबाईचा आवाज चढला नव्हता. “मी न्हाई घेतलं, ह्ये मला ठावंच हाय की. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांग.”

गाडी आली. लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरू लागले. शेवंताबाई उठली, तिनं बोचकं काखेत मारलं, आणि गाडीकडे न जाता वाचनालयाच्या रस्त्यानं चालू लागली. पुढची गाडी साडेपाचला हाय, ती म्हणाली. प्रतिभा तिच्या मागे मागे गेली. पाच मिनिटांचा रस्ता. त्यात हनुमंताचा चेहरा, ऑफिसातली खुर्ची, केंदूरात होणारी चर्चा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि दोनदा तिचे पाय थांबले. शेवंताबाईनं मागे वळून पाहिलं नाही. तिचा खराटा तेवढा पुढे हलत होता.

माडीवर लोक ताक पीत होते. प्रतिभा दारातून आत गेली. शेवंताबाई गेली नाही. ती तिच्या नेहमीच्या पायरीवर बसली, भिंतीला पाठ लावून, बोचकं मांडीवर घेऊन.

“सर,” प्रतिभा म्हणाली, “मला बोलायचंय.”

आणि ती बोलली. सगळं, मराठीत. निम्म्यात तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. हनुमंतानं ताकाचा पेला खाली ठेवला. ज्ञानदेव सरांचा चेहरा लहान झाला. बोलणं संपल्यावर तिनं किल्ली सरांच्या पुढ्यात टेबलावर ठेवली, दाराकडे, पायरीकडे तोंड केलं, आणि कमरेत वाकली.

फरशीवर जिलेबीच्या पाकाचा एक थेंब वाळलेला होता. त्याच्यापलीकडे कुणाकुणाची पावलं दिसत होती. बाजूनं शेनशीबाईंची पांढरे मोजे घातलेली पावलं आली, तिच्या शेजारी थांबली आणि जुळली; त्याही वाकल्या. प्रतिभा मनात मोजत होती. इची. नी. सान. मग ती सावकाश वर येऊ लागली.

“शी,” जिन्यावरून आवाज आला. चार.

ती होती तिथेच थांबली.

“गो,” शेवंताबाई म्हणाली. “रोकु.”

उच्चार स्वच्छ होते, वर्गातल्या निम्म्या बायकांना जमले नव्हते इतके. कुणी हसलं नाही. कुणी हललंही नाही. प्रतिभा पुन्हा पुरती वाकली.

“शिची. हाची. क्यू.”

डोक्यात रक्त उतरलं होतं, कान तापले होते, डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावरून फरशीवर पडत होतं.

“ज्यू.”

दहा झाले. वर्गात दहापर्यंतच शिकवलं होतं. प्रतिभानं श्वास सोडला.

शेवंताबाईनं मांडीवरचं बोचकं नीट केलं आणि पुन्हा इचीपासून सुरुवात केली.